नाईक अवचार पाण्यात गेला

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आमचा कॉलम संग्रामपूरला एका शाळेत मुक्कामाला होता. कॉलम म्हणजे मदतीला बाहेर पडलेली लष्कराची तुकडी. आमची इंजिनिअर रेजिमेंट. एक कॅप्टन साहेब, एक सुभेदार साहेब, एक डॉक्टर, बाकी जवान. सोबत रबरी बोटी, त्यांची इंजिनं, दोर, लाईफ जॅकेट. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी तालुक्यातली गावं धुऊन काढली होती, म्हणून जिल्हा प्रशासनानं लष्कर मागवलं होतं. याला इंग्रजीत 'एड टू सिव्हिल अथॉरिटी' म्हणतात. जवान नुसतं 'एड' म्हणतात. कुठं चाललास? एडवर.

मी तेव्हा हवालदार होतो. याच जिल्ह्यातला, पिंपळगाव राजाचा. खामगावच्या कॉलेजातून बी.ए. करून मग भरती झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण शिकला नाही म्हणून फौजेत गेला असं समजणारे लोक मला आजही भेटतात. रेजिमेंटमध्ये माझं नावच 'ग्रॅज्युएट' पडलं होतं. चेष्टेत पडलं, पण मला ते आवडायचं.

निवृत्त होऊन घरी आल्यापासून शाळा-कॉलेजवाले भाषणाला बोलावतात. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, तुम्ही शत्रूचे किती सैनिक मारले?" मी सांगतो, एकही नाही. पोरांची तोंडं उतरतात. सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक घाईघाईनं माइक घेतात आणि "सर विनयानं सांगत आहेत" वगैरे बोलतात. विनय-बिनय काही नाही. खरंच एकही नाही. सीमेवर राहिलो, तिथं पूल बांधले, सुरुंग काढले, बर्फ फोडून रस्ते उघडले. आफ्रिकेत शांतिसेनेत गेलो, तिथं गाळलेलं पाणी दिलं आणि रस्त्याला मुरूम टाकला. इमारत पडली तिथं ढिगारा उपसला. साथीच्या वर्षात एका मोठ्या हॉलमध्ये रात्रंदिवस खाटा लावल्या, ऑक्सिजनच्या नळ्या जोडल्या. आणि पूर. पूर तर दर पावसाळ्याला. रायफल माझ्याकडे होती. ती मी रोज साफ केली.

आजकाल फौजेला बोलावणं फार सोपं झालंय. नाल्यावरचा पूल वाहून गेला, बोलवा मिलिटरी. उघड्या बोअरवेलमध्ये लेकरू पडलं, बोलवा मिलिटरी. तो पूल कुणी बांधला होता, ती बोअर उघडी कुणी ठेवली, हे मिलिटरी आल्यावर कुणी विचारत नाही. आमच्या हिरव्या गाड्या दिसल्या की लोक टाळ्या वाजवतात आणि ज्यांनी उत्तर द्यायचं ते टाळी वाजवणाऱ्यांत जाऊन उभे राहतात. आम्हाला तक्रार करायची मुभा नसते. आदेश आला की जायचं. आम्ही गेलो.

दिगंबर अवचार माझ्या बोटीवर होता, हुद्द्यानं नाईक, माझ्या एक पायरी खाली. जळगाव जामोदकडचा. त्याच्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे लिहायचंय ते त्या गावाला आवडणार नाही, आणि तिथं दिगंबरची बायको अजून राहते. गडी उंचीनं कमी, खांद्यानं रुंद. बोटीवरचा तिसरा मुरुगन, हुद्द्यानं सॅपर म्हणजे साधा जवान, तमिळनाडूचा. इंजिन तो चालवायचा.

दिगंबरचं घर शाळेपासून मोटरसायकलनं तासाभराच्या आत होतं. त्यानं कॅप्टन साहेबांकडे एका संध्याकाळची सुट्टी मागितली. पोळ्याला घरी जाऊन यायचं होतं. साहेब म्हणाले, "दिगंबर, पाऊस थांबू दे. मग दोन दिवस जा." ते बरोबर होतं. तो "जी साब" म्हणाला आणि व्हरांड्यात बसून बायकोला फोन लावला. पाच मिनिटांतली चार मिनिटं बैलांची चौकशी.

"खांदे मळले का? ... हळद लावली? ... अन् आवतन? ... म्हन, म्हन, माह्यासमोर म्हन, मले ऐकू दे."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं तो खांदा शेकतात. मग घरची बाई किंवा धनी बैलाला जेवणाचं आवतन देतो. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. माणसाला देतात तसंच, हात जोडून. दुसऱ्या दिवशी बैलानं पुरणपोळी खाल्ल्याशिवाय घरातलं कुणी तोंडात घास घालत नाही. ज्याला आवतन दिलं त्याला उपाशी ठेवणं म्हणजे पाप, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

मुरुगन हे सगळं ऐकत होता. "अवचार, तुम लोग बैल को कार्ड छापके देता है क्या?"

"हाव बे," दिगंबर म्हणाला. "तुह्यासारखा बिनबोलावता नाही येत तो."

मुरुगनला शब्द कळले नाहीत, सूर कळला. त्यानं दिगंबरला बूट फेकून मारला.

रात्री डोंगरात पाऊस झाला. आमच्याकडे थेंबही नव्हता. सकाळी चहाच्या वेळेला तहसीलमधून निरोप आला की नदीकाठच्या एका गावात पहाटे पाणी शिरलंय, चारी बाजूंनी वाट तुटली आहे, काही माणसं अडकली आहेत. किती, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. दोन बोटी निघाल्या. बोट वनवर मी, दिगंबर, मुरुगन. बोट टू गावाच्या वरच्या अंगाला गेली, तिथं शाळेत लोक होते.

आमच्या बाजूला गावातलं एकच स्लॅबचं घर होतं. इस्माईलभाईंचं किराणा दुकान. बाकी वस्ती मातीच्या भिंतींची, वर पत्रे. सगळा मोहल्ला त्या स्लॅबवर चढून बसला होता. बोट लावली तेव्हा इस्माईलभाई वरून ओरडले, "या साहेब, या! आज उधारी बंद आहे, जे पाहिजे ते फुकट, फक्त दुकान पान्यात आहे!" माणूस लुंगी गुंडाळून पहाटेपासून लोकांना वर ओढत होता आणि अजून थट्टा करत होता. अशा माणसामुळे आमचं काम अर्धं होतं.

पहिल्या दोन फेऱ्यांत लेकरं, त्यांच्या आया, म्हातारी माणसं काढली. पाणी वाढत होतं. तिसऱ्या फेरीला आलो तेव्हा स्लॅबवर इस्माईलभाई धरून आठ माणसं उरली होती. सगळे बोटीत मावत होते. मी म्हटलं, "चला, शेवटची फेरी."

कुणी उठलं नाही.

पुढं एक बाई बसली होती. चाळिशीतली. वच्छलाबाई. नवरा वारलेला, जमीन स्वतः करणारी. तिचे दोन्ही तळहात सोललेले होते, लुगड्याच्या पदरात गुंडाळलेले. ती म्हणाली, "आमी नाही येत."

"बाई, पाणी वाढतंय."

"दिसून राह्यलं मले. माहे बैल दाव्याले हायत."

स्लॅबच्या मागं, उताराला, गोठ्यांची रांग होती. नुसते पत्रे दिसत होते आणि आतून हंबरणं ऐकू येत होतं. मी आयुष्यात बरेच आवाज ऐकले. तो आवाज मला अजून ऐकू येतो, एवढंच लिहितो.

पुराचं पाणी आलं की आमच्याकडे पहिलं काम जनावर सोडायचं. जनावर पोहून वाट काढतं. हे शेतकऱ्याच्या लेकराला माहीत असतं. त्या दिवशी ते का झालं नाही, ते मला इस्माईलभाईंनी सांगितलं.

"पोळा होता ना साहेब. काल धुतले, मळले. पुन्हा बाहेर जाऊन चिखलात लोळू नये म्हनून सगळ्याइनं आत घेऊन डबल गाठ मारली. अन् दोर नवे. नायलॉनचे. रंगीत." मग म्हणाले, "दोर मीच इकले. म्हटलं पक्का माल आहे, तुटनार नाही."

आधी अंबाडीचे दोर असायचे. हिसका दिला की सुटायचे, नाहीतर झिजलेले असले की तुटायचे. नायलॉन ओला झाला आणि बैलानं ओढला की गाठ दगडासारखी होते. पहाटे अंधारात लोक छातीभर पाण्यात गेले, गाठी सुटेनात, विळे-कोयते घरासोबत पाण्याखाली. वच्छलाबाईचे तळहात त्या दोरानंच सोलले होते.

मी तिला समजावलं. सरकार नुकसानभरपाई देईल, असं जे आम्हाला बोलायला सांगितलेलं असतं ते बोललो. तिनं मला मध्येच तोडलं.

"तुमी कुठचे?" तिनं विचारलं.

"पिंपळगाव राजा."

"मंग हे काऊन सांगता मले? काल आवतन देलं म्या त्याइले. आज दाव्याले मरू देऊ का?"

बाकीचे सहा जण तिच्या तोंडाकडे पाहत बसले होते. तिघांचे बैल त्याच रांगेत होते. ती उतरली असती तर ते उतरले असते. ती बसली म्हणून ते बसले. इस्माईलभाई म्हणाले, "मीबी नाही येत मंग. ह्याइले सोडून कसा येऊ, गिऱ्हाईक आहे."

आमच्या ड्रिलमध्ये याला उत्तर नाही. शत्रू असता तर उत्तर होतं. आपल्याच माणसाला उचलून बोटीत टाकायचं म्हटलं तर रबरी बोटीत झटापट होते आणि बोट उलटते. ते आम्ही दुसऱ्या एका पुरात पाहिलेलं होतं.

मी रेडिओ घेतला. अल्फा म्हणजे शाळेतलं आमचं ठाणं.

"अल्फा फॉर बोट वन, ओव्हर."

"बोट वन, पास युवर मेसेज, ओव्हर."

"आठ सिव्हिलियन स्लॅबवर. उतरायला तयार नाहीत. बैल बांधलेले आहेत, ते सोडले तर उतरतील. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग कॅप्टन साहेबांचा आवाज. "समझाया?"

"समझाया सर. नहीं मानेंगे."

"बिल्डिंग कैसी है?"

मी खाली पाहिलं. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात भेग दिसत होती आणि पाणी तिथंच आपटत होतं. "टिकेगी नहीं सर. गोठे पास में हैं. एक आदमी लाईन बांधके जा सकता है. परमिशन चाहिए. ओव्हर."

पुन्हा खरखर. "गो अहेड. सेफ्टी लाईन के साथ. ज्यादा देर नहीं. आऊट."

हे मी शब्द न् शब्द लिहितोय, कारण नंतर याच शब्दांवर सगळं फिरलं. परवानगी मी मागितली. आदेश साहेबांनी दिला. नाईक अवचार स्वतःच्या मर्जीनं कुठं गेला नाही.

तो मात्र मी नाव घेण्याआधीच कमरेला दोर बांधत होता. "तुमाले बैलाचं काय कळते ग्रॅज्युएट," तो मला म्हणाला. "तुमी आपले दोर धरा."

बोट गोठ्यांच्या तोंडाशी नेली. मुरुगननं इंजिन धरून ठेवलं, मी लाईन धरली. खूण ठरलेली असते. एक झटका, ठीक आहे. दोन झटके, ढील दे. तीन झटके, ओढ. दिगंबर पाण्यात उतरला. पहिल्या गोठ्यात गेला, आतून "हो राजा, हो, हो" असं बैलाशी बोलणं ऐकू आलं, आणि एक पांढरा बैल शिंगं वर करून बाहेर आला. मागून दुसरा. कपाळावर कालची हळद तशीच होती. स्लॅबवरून लोक ओरडले. दुसऱ्या गोठ्यातली जोडीही सुटली. तिसऱ्यातला एक बैल आधीच मेलेला होता, उरलेला निघाला.

वच्छलाबाईचा गोठा शेवटचा, सगळ्यांत खाली. दाराची चौकट जवळजवळ पाण्यात बुडालेली. आत पत्र्याखाली हातभर हवा होती, तिथं बैलांच्या नाकपुड्या वाजत होत्या. आत जायचं तर चौकटीखालून बुडी मारायची. लाईफ जॅकेट माणसाला बुडू देत नाही. त्यासाठीच असतं ते. दिगंबरनं दोनदा प्रयत्न केला, दोनदा जॅकेटनं त्याला चौकटीवर आपटलं. मग त्यानं जॅकेट काढून दाराच्या खुंटीला अडकवलं.

मी ओरडलो, "अवचार, जॅकेट!"

"येतो ना आता," तो म्हणाला, आणि चाकू दातात धरून खाली गेला.

एक झटका आला. ठीक आहे.

दोन झटके. ढील दिली.

एक बैल चौकटीखालून उसळून बाहेर आला, बोटीला घासून गेला. बोट हलली. मुरुगननं शिवी दिली. दुसरा बैल यायला वेळ लागला. तोही आला. त्याच्या गळ्यात कापलेल्या दोराचा लाल तुकडा होता.

स्लॅबवर वच्छलाबाई उठून उभी राहिली.

मग गोठ्याची मागची भिंत बसली. मोठा आवाज झाला नाही. मातीची भिंत पाण्यात बसते तेव्हा फक्त पत्रा कलंडतो. हातातला दोर ताठ झाला आणि तसाच राहिला. झटका नाही. मी ओढला. मुरुगननं इंजिन सोडून माझ्यासोबत ओढला. दोर हलला नाही, मग एकदम ढिला झाला. आढ्याच्या लाकडाच्या धारेवर कापला गेला होता. मुरुगन जॅकेट काढू लागला. त्यानं दोन बुड्या मारल्या, मी त्याला तिसरी मारू दिली नाही. खाली पत्रा होता, माती होती, काही दिसत नव्हतं.

रेडिओवर सांगितलं. कॅप्टन साहेब म्हणाले, "बोट टू भेजता हूं. तुम सिव्हिलियन निकालो."

"सर, अवचार..."

"सिव्हिलियन निकालो, हवालदार."

आम्ही स्लॅबला बोट लावली. या वेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही. आठही जण मुकाट्यानं बसले. वच्छलाबाई माझ्यासमोर बसली होती. बोट उंचावर लागेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

दिगंबरला दुपारनंतर पाणी उतरू लागल्यावर बोट टूच्या जवानांनी काढलं. चाकू त्याच्या हातात नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही सामान आणायला गेलो तेव्हा दुकानाची मागची अर्धी बाजू कोसळलेली होती, स्लॅब तिरपा होऊन चिखलात टेकला होता. त्या आठ जणांचं काय झालं असतं हे सांगायला इंजिनिअर असायची गरज नाही.

हे सगळं घडलं तो पोळ्याचा दिवस. दिगंबरच्या गावात त्या संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे होते तेव्हा निरोप पोहोचला.

फौजेनं आपलं सगळं केलं. तिरंगा, सलामी, बिगुल. कॅप्टन साहेब स्वतः घरी गेले. पुढं कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. प्रमुख मेजर साहेबांनी मला विचारलं, "लाईफ जॅकेट का काढलं?" मी सांगितलं, "घातलं असतं तर आत जाता आलं नसतं." "आत जायची गरज होती?" "होती सर. ते बैल सुटल्याशिवाय आठ माणसं हलणार नव्हती." कॅप्टन साहेबांनीही आदेश आपण दिला असं लेखी दिलं. कुणी हात झटकले नाहीत. ड्युटीवर मृत्यू, हे मान्य झालं. पण फौजेत दोन खाती आहेत. लढाईत किंवा दहशतवाद्याच्या गोळीनं गेला तर 'बॅटल कॅज्युअल्टी'. बाकी कशानं गेला तर 'फिजिकल कॅज्युअल्टी'. दिगंबर दुसऱ्यात गेला. नियम तसा होता. नियमाशी माझं भांडण नाही असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. आता म्हणत नाही. ज्या कामाला तुम्ही आम्हाला दर पावसाळ्यात पाठवता, त्या कामात मेलेला माणूस दुसऱ्या खात्यात का?

पेपरात बातमी आली. 'बैलांना वाचवताना जवानाचा बुडून मृत्यू'. आठ माणसांचा उल्लेख शेवटच्या ओळीत.

तेरवीला वच्छलाबाई दिगंबरच्या घरी आली होती. दोन बस बदलून. बायकांत मागं बसली. दिगंबरची बायको सुनंदा तिच्याशी एक शब्द बोलली नाही. तिचं मी चुकीचं म्हणत नाही, हिचंही नाही. वच्छलाबाईचे दोन्ही बैल जिवंत सापडले होते.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी दिगंबरच्या गावानं शहीद स्मारक बांधायचं ठरवलं. गावातले तीन जवान वेगवेगळ्या काळात सीमेवर कामी आलेले. ग्रामपंचायतीनं काळा दगड मागवला. सुनंदानं मला फोन केला. "भाऊजी, यादीत त्याइचं नाव नाही म्हनतात. तुमी येता का?" मी गेलो. सोबत दिगंबरचा वर्दीतला एक फोटो आणि माझी तयारी घेऊन गेलो. वाटलं होतं, शिकलेला माणूस आहे, समजावून सांगू.

सरपंच भला माणूस होता. चहा दिला. "साहेब, राग नका मानू. दगड शहिदाइचा आहे."

"मग?"

"दिगंबर चांगलाच होता. लहानपनापासून पाह्यला म्या त्याले. पर तो बॉर्डरवर नाही ना गेला. पान्यात गेला."

"वर्दीत गेला."

"हाव, वर्दीत गेला. पर बैल सोडाले गेलता. पेपरात आलतं."

मी स्लॅबचं सांगितलं, आठ माणसांचं सांगितलं, आदेशाचं सांगितलं. शेजारी बसलेला एक सदस्य म्हणाला, "अजी, उद्या एखांदा मिलिटरीचा ट्रक उलटून गेला, त्याचंबी नाव टाकाचं का?"

"टाकायचं," मी म्हणालो. "ट्रक तो फिरायला नेत नाही."

सरपंच खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, आमचं सोडा. आमी अडानी. तुमच्या फौजेनंच त्याले लढाईतला नाही धरलं. मंग आमी कसा धराव?"

ह्यावर मला बोलता आलं नाही. बी.ए. होतो, हवालदार होतो, सगळा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा होता, तरी बोलता आलं नाही. त्यानं बोट बरोबर जागी ठेवलं होतं.

मग त्यांनी तोडगा काढला. गावात नवी पाण्याची टाकी होत होती. "तिले त्याचं नाव देऊ. मोठ्या अक्षरात. साऱ्या गावाले दुरून दिसन."

हा निरोप सुनंदाला मीच दिला. ती अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. हात थांबला. "पान्यातच ठेवता का हो आनखी त्याइले?" ती म्हणाली. एवढंच. मी परत जाऊन सरपंचाला सांगितलं, टाकी नको.

स्मारकाचं उद्घाटन झालं. मला पाहुणा म्हणून बोलावलं, मी गेलो. पडदा सरकला. तीन नावं. त्या तिघांना मी कधी पाहिलं नव्हतं, तरी टाचा जुळवून सलाम केला. तो त्यांचा हक्कच होता. मग आयोजक म्हणाले, साहेब, दोन शब्द. मी माइकवर गेलो आणि सांगितलं: नाईक दिगंबर अवचार, इंजिनिअर रेजिमेंट. याच गावचा. आदेश मिळाला म्हणून पुराच्या पाण्यात गेला. त्याच्यामुळं आठ माणसं जिवंत आहेत. मी खाली बसलो.

तीन नावं वाचली तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आता कुणी वाजवली नाही. कुणीतरी खोकललं. आयोजकांनी पुढचा कार्यक्रम पुकारला.

निघताना सुनंदाच्या घरी गेलो. तिनं पाणी दिलं, मग चहा.

"भाऊजी, तुमी त्याइचं सांगतलं तवा लोक चूप राह्यले. काऊन?"

मी म्हणालो, "लोकांना माहीत नव्हतं, वहिनी."

ती म्हणाली, "माहीत होतं."

तिचं खरं होतं. मी उठलो आणि शेवटची बस पकडली.

बोटीत माणूस चढला की दिगंबर आधी त्याचं नाव विचारायचा. लाईफ जॅकेटचे बंद आवळता आवळता. "नाव काय काका? नाव काय बाई?" घाबरलेला माणूस नाव सांगताना श्वास घेतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्या सकाळच्या दोन फेऱ्यांत त्यानं प्रत्येकाला विचारलं. लेकरांनाही. मी पुढं बसून ऐकत होतो.

संग्रामपूरच्या बाजाराला गेलो की त्या फेऱ्यांतलं कुणी ना कुणी अजून भेटतं. मला ओळखतात, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, त्या दिवसाचं सगळं सांगतात. मी एकच विचारतो. तुम्हाला बोटीत ओढून घेणाऱ्याचं नाव काय होतं?

थोडा वेळ आठवून पाहतात. मग म्हणतात, "मिलिटरीवाले होते."